झाकण

झेफेरिनो मडगावहून आला, गाडीला बॉनेट नव्हतं.
इंजिन उघडंच, चार सिलिंडर डावीकडे, चार उजवीकडे,
वर पत्र्याची दोन झाकणं, पोचे आलेली, कडेनं तेल पाझरणारी.
म्हणाला, पात्रांव, ही काढ.
तुझ्या हातची ओतून दे. वर फणीसारख्या उभ्या रेघा हव्यात,
आणि दुकानात मागून मिळणार नाहीत अशी हवीत.

झाकणाला एवढं कशाला, मी म्हटलं.
झाकणंच तर दिसतात, तो म्हणाला.

बँकेच्या कॅलेंडरवरचा जून फाडला,
हेडवर पसरून तेलकट अंगठ्यानं कडा घासली.
काळी चौकट उमटली,
बोल्टांची भोकं तारखांच्या अधेमधे,
एक नेमकं संकष्टीवर.
त्यावरून फणसाच्या फळीचा नमुना केला,
मापापेक्षा किंचित मोठा,
अॅल्युमिनियम थंड होताना अंग चोरतं म्हणून.

धातू विकत आणायचा नव्हता. पलंगाखाली होता.

माझा ट्रक, खाणीवरचा नंबर चारशे सतरा,
दारावर पांढऱ्या रंगात.
खाणी थांबल्या, तो अंगणात उभा राहिला,
टायरांत पाणी साचलं, बेडकं झाली.
शेवटी भंगारवाला आला. किलोवर गेला.
मी फक्त सहा पिस्टन काढून घेतले.
का, ते सुलक्षणानं विचारलं नाही.
केर काढताना ती झाडू त्यांच्याभोवतीनं फिरवायची.

गुणो कासाराकडे समयांची भट्टी.
पितळ नाही म्हटल्यावर त्यानं तोंड वाकडं केलं,
पण मूस दिली, वेगळी, जुनी.
चार पिस्टन त्यात बसले. हळूहळू खांदे पाडले त्यांनी,
मग एकदम पाणी.
लाल माती, डिझेल, मुसळधार रात्री, सगळी मळी वर आली,
ती गुणोनं पळीनं काढून बाजूला टाकली.

ओतण्याआधी, कुणी पाहत नसताना,
उजव्या झाकणाच्या गाभ्याच्या वाळूवर
खिळ्यानं नंबर कोरला.
आतल्या बाजूला. तिथं कोण बघतंय!

वाळूत सरळ लिहिलं, धातूत उलटं आलं.
इतकी वर्षं ओतकाम बघून हे मला सुचू नये!
राहू दिलं.

काचेवर पॉलिश पेपर ठेवून कडा सपाट केली, दोन दिवस.
बुचाचं गॅस्केट. बोल्ट मधून बाहेर, थोडे थोडे आवळत.
चावी फिरवली.
एक थेंब नाही कुठं.
पण उजवीकडे टिक, टिक, टिक,
जणू आतून कुणी दार वाजवतंय.

उघडलं.
रॉकरचं टोक सातावर आपटत होतं.
आकडा नुसता चकाकत होता, दहा मिनिटांत,
ट्रकच्या दारावर कधी चकाकला नाही तसा.

झेफेरिनो वाकून बघत म्हणाला, हें कितें?
पार्ट नंबर, मी म्हटलं.
कानस घेतली आणि सात घासून टाकला.
पूड तळहातावर घेतली, चिमूटभर,
कुठं ठेवावी कळेना, पँटला पुसली.

पुन्हा चालू केलं. आता फक्त इंजिन.

गाडी कुठल्याशा मेळ्यात गेली म्हणे, फोटो निघाले,
झाकणंसुद्धा खोलून दाखवली त्यानं.
परवा फोंड्याहून एक पोर आला,
पायात स्लिपर, हातात मोबाइल,
म्हणाला, काका, झेफेरिनोला दिलंत तेच हवं मला.
चौदा नंबरचं.

चौदा?

मग हिशोब लागला.
उलट्या चारशे सतरातून सात गेला की मागे चौदाच उरतात.

मी त्याला बसायला स्टूल दिलं.
चौदा नंबरला वेळ लागतो, म्हटलं,
आणि आत जाऊन पलंगाखाली वाकलो.
दोन पिस्टन उरलेत.
सुलक्षणा दारात झाडू धरून उभी होती,
म्हणाली, एक तरी राहू दे.